वाइसिनातलं आतून लागलेलं दार

१९६७ सालचा डिसेंबर होता. मोठं वादळ येऊन गेलं त्याला जानेवारीत दोन वर्षं होणार होती, आणि सामोआतल्या सावाई बेटावरच्या वाइसिना गावात अजूनही प्रत्येक गोष्ट 'वादळाआधीची' नाही तर 'वादळानंतरची' असे. शाळेला नाताळची सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते.

"आधी नीरफणस भाजायचा, मग खडकापर्यंत पोहायचं," वाळूत बोटानं नकाशा काढत मोसे म्हणाला.

"आधी पोहायचं!" तालिता म्हणाली. "पोट भरलं की तू दगडासारखा बुडतोस."

"मी? गेल्या वर्षी शर्यतीत कासवाच्या पुढे कोण गेलं होतं?"

"ते कासव झोपलं होतं, दादा," वाइओलानं हळूच सांगितलं.

मोसे तेरा वर्षांचा, तालिताचा मामेभाऊ. वाइओला त्याची धाकटी बहीण, आठ वर्षांची, पण जीभ मात्र ऐंशी वर्षांची! तालिता बारा वर्षांची. तिचं अर्धं लक्ष गप्पांत होतं आणि अर्धं रस्त्याकडे. तिचा थोरला भाऊ आपेलु गावची लाकडी बस चालवायचा. आज परत येताना तो तिघांना बसच्या टपावर बसवून पुलापर्यंत फिरवून आणणार होता.

बस आलीच नाही. शंख मात्र वाजला.

शंख वाजायची ही वेळ नव्हती! संध्याकाळच्या प्रार्थनेला वाजायचा तो शंख ऐन सकाळी, लांबलचक, थांबायचं नावच घेईना. मोसेनं अर्धवट नकाशा तसाच सोडला आणि तिघं धावत सुटली.

तुइसाओ आजोबांच्या मोठ्या घरात गावचे सगळे मानकरी खांबांना टेकून बसले होते. तुइसाओ आजोबा म्हणजे गावचे थोरले प्रमुख आणि तालिताच्या आईचे वडील. वाइसिनातल्या घरांना भिंती नव्हत्या. गोल छप्पर, खांब, आणि पावसाला अडवायला नारळाच्या झावळ्यांचे पडदे, बस्स. त्यामुळे घरातलं गुपित घरात राहायचा प्रश्नच नव्हता. मुलं जवळच्या नीरफणसाखाली उभी राहिली आणि त्यांना सगळं ऐकू आलं.

फालेउता गावातून जाताना आपेलु मागे वळून कुणाला तरी चिडवत होता. तेवढ्यात एक मुलगा रस्त्यावर आला. पालु नाव त्याचं, वय दहा. बसचं चाक त्याच्या पायावरून गेलं आणि डोकं दगडावर आपटलं. त्याला बोटीनं पलीकडच्या बेटावर, आपियाच्या इस्पितळात न्यायला निघाले होते. तो अजून डोळे उघडत नव्हता.

खांबाशी आपेलु बसला होता, मान गुडघ्यांत घालून. सकाळी शीळ घालत निघालेला तालिताचा भाऊ तो हाच का, हे तिला ओळखता येईना.

"अपराध आपला आहे," तुइसाओ आजोबा म्हणाले. त्यांचे हात नेहमीप्रमाणे मांडीवर काथ्याची दोरी वळत होते. "उद्या उजाडायच्या आत आपण फालेउतात असलं पाहिजे. मुलाच्या घरापुढे मी बसेन. थोरल्या चटईखाली."

वाइओलानं मोसेच्या लुंगीचा काठ ओढला. "चटईखाली कशाला बसायचं?"

"माफी मागायला," मोसे कुजबुजला. "आपण जळण घेऊन जायचं, भट्टीचे दगड घेऊन जायचं. म्हणजे, आम्ही तुमच्या हातात आहोत, वाटल्यास भाजून खा! मान खाली घालून बसायचं, वर चटई. त्यांनी येऊन चटई उचलली की माफी झाली."

"आणि नाही उचलली तर?"

मोसेनं बोट आपल्या मानेवरून फिरवलं.

चटई साधीसुधी चालत नसे. केवड्याच्या पातीचे दोऱ्याएवढे बारीक पट्टे काढून, वर्षानुवर्षं बसून विणलेली, काठाला लाल पोपटाची पिसं लावलेली, घराण्याची चटई लागे. गावातल्या तसल्या सगळ्या वादळानं नेल्या. एकच उरली होती. तुइसाओंच्या पणजीनं समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत ती नऊ वर्षं विणली, म्हणून तिचं नाव 'वाट पाहणारी'. आणि ती पुन्हा कुठल्या वाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून गावानं महिला समितीचं नवं घर बांधलं होतं. पक्क्या भिंतींचं! त्यात दोन खोल्या होत्या, एकीत चटई, दुसरीत औषधं आणि मलमपट्ट्या. वाइसिनात दार नावाची वस्तू काय ती तिथेच. पुन्हा वादळ आलं तर बायकामुलांनी त्या खोल्यांत शिरून आतून अडसर टाकायचा, अशी सोय थोरल्या सुतारांनी केली होती.

समितीच्या अध्यक्ष फेतुआओ काकू चटई आणायला गेल्या. आणि दोन मिनिटांत त्यांची किंकाळी आली.

"दार लागलंय! आतून लागलंय!"

सगळं गाव धावलं. फेतुआओ काकूंनी ओढलं, चार पुरुषांनी ओढलं. दार जागचं हलेना. आत अडसर पडला होता. आत मात्र कुणीही नव्हतं! खोलीला खिडकी नव्हती, छताशी तेवढी तळहाताएवढी झरोक्यांची रांग. मोसेच्या खांद्यावर चढून वाइओलानं आत डोकावलं. कोपऱ्यात गुंडाळलेली चटई, आणि बाकी रिकामी जमीन.

"पणजी!" फेतुआओ काकू कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "पणजीनं दार लावून घेतलंय. तिला चटई परक्या गावात जायला नकोय."

बायकांनी तोंडावर हात ठेवले. एका पुरुषानं कुऱ्हाड आणली, तेव्हा तुइसाओ आजोबांनी हात वर केला.

"ते घर अजून आपलं नाही."

खरंच होतं ते. सुतारांना द्यायची शेवटची मेजवानी व्हायची होती. ती होईपर्यंत घर सुताराचं, आणि त्याच्या कामाला दुसऱ्यानं हत्यार लावणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. थोरले सुतार पलीकडच्या बेटावर आपल्या गावी गेले होते. त्यांना बोलावून आणायचं तर दोन दिवस लागणार.

"एक अपराध धुवायला निघालो आहोत," आजोबा म्हणाले. "वाटेत दुसरा करायचा नाही. दारावर ओरखडासुद्धा नको! अंधार पडायला आपण चालू लागू. तोपर्यंत पणजीनं दार उघडलं तर ठीक. नाही तर मी चटईशिवाय बसेन."

उघड्या मानेनं! फालेउतात आज किती हातांत दंडुके असतील, ते तिला कुणी सांगायला नको होतं. गर्दीमागे उभा असलेला आपेलु एकदम म्हणाला, "आजोबांच्या शेजारी मी बसतो." आजोबांनी फक्त मान हलवली.

* * *

"पणजीनं दार लावलंच असेल तर आता ती आतच आहे का?" केळीच्या बागेत बसल्यावर वाइओलानं विचारलं. "आणि नसेल तर बाहेर कशी आली?"

"भुतं भिंतीतून जातात," मोसे म्हणाला.

"मग दार लावलं काय नि उघडं ठेवलं काय! भुताला दाराचं काय कौतुक?"

तालिता ताडकन उभी राहिली. "सकाळी तुम्ही आवाज ऐकलात? आपण वाळूत बसलो होतो तेव्हा. धाड! असा."

"पत्र्यावर नीरफणस पडल्यासारखा," मोसे म्हणाला. "मला वाटलं, बरं झालं, पिकलेला असेल."

"समितीच्या घराच्या आसपास नीरफणस कुठे आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळी चटईला ऊन दाखवून फेतुआओ काकूंनी ती परत ठेवली होती. त्याच वेळचा आवाज होता तो!

दुसऱ्या खोलीचं दार अगदी तसंच होतं. मुलं आत शिरली. दाराच्या आतल्या अंगाला मनगटाएवढा जाड अडसर एका खिळ्यावर फिरत होता. आडवा पाडला की चौकटीवरच्या लाकडी आकड्यात बसायचा. उघडायचा झाला तर वर उचलून सरळ उभा करायचा. उभा केला की उभा राही, पण कसाबसा. एका पायावर उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखा.

"वाइओला, तू आत थांब," तालिता म्हणाली. "भिऊ नको."

"मी कशाला भिऊ? इथे फक्त मलम आहे."

तालितानं अडसर उभा केला, बाहेर आली आणि मोसेनं सगळा जोर लावून दार ढकललं. धाड! आणि लगेच आतून, खट!

"पडला!" आतून वाइओलाचा चीत्कार आला. "आपोआप पडला! मी हातही लावला नाही! आकड्यात जाऊन बसला!"

मोसेनं दार ओढलं. बंद! चटईच्या खोलीसारखंच, पार बंद. दोघांच्या अंगावर काटा आला. भूत नाही हे कळल्यावर आलेला तो काटा भुताच्या काट्यापेक्षा मोठा होता.

"काकूंनी अडसर पडद्यासारखा वर केला," तालिता सावकाश म्हणाली, "आणि वाऱ्यावर दार सोडून दिलं. पडदा सोडला की सोडला, आपण कधी मागे वळून पाहतो का?"

"मी बाहेर येऊ का?" आतून आवाज आला.

"थांब! आम्हीच काढतो तुला!"

दार बाहेर उघडणारं होतं, आणि दार नि चौकट यांच्यात वरपासून खालपर्यंत सरळ फट होती. पण केवढी! बोटाचं नखही मोठ्या मुश्किलीनं जाई. मोसेनं आजीची सुरी आणली, ती जाड निघाली, आणि तालितानं तिला लाकडाला टेकूही दिलं नाही. मग खराट्यातली हीर काढली. नारळाच्या पातीचा तो चिवट कणा फटीत सुळकन गेला.

"आली, आली!" वाइओला ओरडली. "अडसराच्या खाली टेकली! उचल! अगंबाई, वाकली!"

मग मोसेनं डबाबंद मांसाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा आणला. आतल्या मांसाची सांगता मोसेनं आधीच केली होती. पत्र्याची पट्टी खालून वर सरकवली तर अडसर बोटभर उचलला गेला, आणखी बोटभर, आणि पट्टी मधेच दुमडली. खट!

"लाकडावर चरा पडला असता आत्ता," तालिता घाबरून म्हणाली. "पत्रा नको."

"कोण आहे रे तिकडे?"

फेतुआओ काकू! कमरेत खराटा खोचलेल्या! वाइओलानं आतून अडसर काढला आणि मलमाच्या डबीच्या झाकणासारखी टुणकन बाहेर आली.

"काकू, भूत नाही!" ती उत्साहानं म्हणाली. "तुम्हीच लावलंत दार!"

असं सांगायचं नसतं, हे तालिताला कळलं, पण फार उशिरा. काकूंचा चेहरा लाल झाला. "मी? तीस वर्षं मी समिती चालवते, आणि मला दार कळत नाही?"

"तीस वर्षांत दार कुठे होतं, काकू?" मोसे म्हणाला.

"निघा! पणजीला आणखी चिडवू नका! पुन्हा इथे दिसलात तर या खराट्याशी गाठ आहे!" आणि दोन्ही दारांच्या मधे त्या फतकल मारून बसल्या.

* * *

ऊन कलायला लागलं. तुइसाओ आजोबांच्या घरी तालिता आली तेव्हा ते एकटेच होते, दोरी वळत. वारा सुटला म्हणून आईनं समुद्राकडचा पडदा खाली सोडला होता. आजोबांनी हात लांब करून पडद्याची दोरी ओढली. दोरी पडद्याच्या खालून जाऊन मागून वर आलेली होती. सरसर, सरसर, सगळ्या झावळ्या एकीवर एक चढत गेल्या आणि समुद्र दिसू लागला.

हे तालितानं जन्मल्यापासून रोज पाहिलं होतं. पण आज तिचे डोळे विस्फारले.

खालून जायचं, मागून वर यायचं, आणि ओढायचं! पट्टीनं ढकलायचं नाहीच. दोरीनं उचलायचं!

"आजोबा, मला दोरी हवी," ती म्हणाली. "बारीक. आणि मजबूत."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "ही छपरासाठी वळतो आहे. उद्या छप्पर आपलं असेल की नाही, कोण जाणे." मग त्यांनी हातातली दोरी दातानं तोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

स्वयंपाकाच्या खोपटात भट्टीचे निखारे होते. केवडा शेकून सरळ करतात तसा हिरीला बाक द्यायचा, ही युक्तीही तालिताचीच. पहिली हीर मोडली. दुसरी जळली. तिसरी फिरवत फिरवत शेकत, वाकवत वाकवत नेली तेव्हा चटया शिवायच्या दाभणासारखी बाकदार झाली आणि तशीच राहिली. तिच्या मागच्या टोकाला दोरी बांधली.

"दोरी खरखरीत आहे. फटीत अडकेल," मोसे म्हणाला. "खोबरेल लावू. माझ्या केसांचं!"

"तुझ्या केसांना तेल असतं?"

"रविवारी असतं."

दोरीला इतकं तेल चोपडलं की ती माशासारखी निसटू लागली. आता उरल्या फेतुआओ काकू.

"वाइओला," मोसे गंभीरपणे म्हणाला, "काकूंच्या अळवात डुक्कर शिरलंय असं जाऊन सांग."

"पण शिरलंय कुठे?"

"शिरेल," मोसे म्हणाला आणि डुकरांच्या कुंपणाकडे चालता झाला.

थोड्याच वेळात फेतुआओ काकूंच्या मळ्याकडून एकच कल्लोळ ऐकू आला, आणि खराटा उंचावून काकू त्या दिशेनं अशा धावल्या की त्यांच्या पुढे पळणाऱ्या कोंबड्यांनाही लाज वाटली असेल!

तिघं चटईच्या खोलीच्या दाराशी गुडघे टेकून बसली. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. या वेळी आत सांगायला कुणी नव्हतं. तालितानं डोळे मिटले. बाकदार हीर अडसराच्या खालून फटीत घातली. आत, आणखी आत. टोक कशाला तरी घासलं. अडसर! आता टोक त्याच्या मागून वर चढत असणार. तिनं मनगट हळूहळू फिरवलं.

"टोक दिसतंय का?" तिनं श्वास रोखून विचारलं.

"नाही," मोसे म्हणाला. त्याचा डोळा फटीला चिकटला होता. "नाही. नाही. थांब! काहीतरी हललं!"

"चिमटीत धर."

"बोट जात नाही!"

वाइओलानं दोघांच्या मधून आपला हात घातला. आठ वर्षांच्या मुलीची नखं, त्यांवरून आई तिला रोज रागवायची, कधी कापत नाही म्हणून. त्या नखांनी तिनं हिरीचं टोक पकडलं आणि केसभर, केसभर करत बाहेर ओढलं. हिरीमागून तेलकट दोरी आली. खालून आत गेलेली दोरी वरून बाहेर!

तालितानं दोन्ही टोकं एकत्र धरली. "मोसे, मी म्हणेन तेव्हा दार ओढायचं. हळू. झटका नाही."

तिनं दोरी फटीतून वर खेचायला सुरुवात केली. जड होता अडसर! तिच्या बोटांत दोरी रुतली. आत काहीतरी कुरकुरलं. मग ते वजन सावकाश, एखादा माणूस झोपेतून उठावा तसं वर उठू लागलं.

"ओढ!"

दार उघडलं.

त्यांनी ओरडायचं ठरवलं होतं. मोसे तर उड्या मारणार होता. पण तिघं उंबऱ्यातच थांबली.

झरोक्यांतून मावळतीचं ऊन आत आलं होतं आणि कोपऱ्यातल्या चटईवर पडलं होतं. काठाची लाल पिसं पेटल्यासारखी दिसत होती. तालितानं चटईला याआधी लांबूनच पाहिलं होतं, मोठ्या माणसांच्या पायांमधून. ती आता जवळ गेली. गुंडाळीचं एक टोक सुटलं होतं. तिथे तिनं हात ठेवला. केवडा? केवडा असा असतो? पाण्यासारखा गार आणि लहान बाळाच्या कानाच्या पाळीसारखा मऊ! नऊ वर्षं, नऊ वर्षं रोज कुणीतरी समुद्राकडे बघत एक एक पाती उचलली होती आणि खाली घातली होती. त्या बोटांची सगळी ऊब अजून आत होती असं तिला वाटलं. आपोआप तिनं मान खाली घातली. मोसे आधीच मांडी घालून बसला होता. वाइओलानं तेलकट हात पाठीमागे लपवले, चटईला डाग लागू नये म्हणून.

दारात धापा टाकण्याचा आवाज आला. फेतुआओ काकू! चिखलानं माखलेल्या, केसांत अळवाचं पान. त्यांनी दाराकडे पाहिलं. चौकटीवरून बोट फिरवलं. ओरखडा नव्हता. दोरीकडे पाहिलं, हिरीकडे पाहिलं. मग खराटा बाहेर ठेवून त्या आत आल्या आणि मुलांशेजारी जमिनीवर बसल्या.

"अडसर मीच उभा ठेवला होता," त्या म्हणाल्या. "आणि वळूनही पाहिलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "चला. आजोबांची निघायची वेळ झाली."

* * *

फालेउताच्या हिरवळीवर दव होतं. पूर्वेला जेमतेम फटफटलं होतं. तालितानं जळणाची मोळी खाली ठेवली आणि आईशेजारी बसली. पुढे, एका मोठ्या घरासमोर, तुइसाओ आजोबा आणि आपेलु मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्या अंगावर 'वाट पाहणारी' होती. दोन माणसं दिसतच नव्हती. दिसत होती ती फक्त चटई. श्वासागणिक ती वर-खाली होई, तेवढंच.

घराचे सगळे पडदे खाली होते.

कोंबडा आरवला. कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. घरांमागे तरुण मुलं उभी होती, आणि त्यांचे हात रिकामे नव्हते. कुणी हलत नव्हतं. सूर्याची पहिली तिरीप लाल पिसांवर आली. तालिताच्या मांडीला मुंग्या आल्या, पण पाय हलवायचा धीर होईना. इतकी माणसं एकत्र असूनही एवढी शांतता असू शकते, हे तिला ठाऊकच नव्हतं. समुद्रसुद्धा पाय न वाजवता येत होता.

पडदा वर गेला.

पालुचे आजोबा सेमिसी बाहेर आले. म्हातारे, काठी टेकत. ते चटईपुढे उभे राहिले, किती वेळ कोण जाणे. मग त्यांनी काठी टाकली, वाकले, आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

"उठ, तुइसाओ," ते म्हणाले. "रात्री बोट आली. पोरानं डोळे उघडलेत. पाणी मागितलं त्यानं." मग आपेलुच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तूही उठ. घरात या. बाहेर दव आहे."

आपेलु मोठ्यानं रडला. घरांमागच्या मुलांनी हातातलं एक एक करून गवतावर ठेवलं. तालितानं ते आवाज मोजले नाहीत, पण ते तिला जन्मभर ऐकू येत राहिले.

आठवड्यानं थोरले सुतार आले. त्यांनी दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं, फटीत डोळा घालून पाहिलं. "माझ्या दारातून, माझ्या परवानगीशिवाय, आणि माझ्या लाकडाला न दुखवता कोण गेलं?" त्यांनी गरजून विचारलं. मोसे फेतुआओ काकूंच्या पाठीमागे लपला. काकूंनीच त्याला पुढे ढकललं.

"हे तिघं. आणि माझ्या अळवाची वाट लावली तीही यांनीच. पण गावाची मान यांनी वाचवली, आणि माझी चूक यांनीच मला दाखवली!"

सुतार हसले. त्यांनी अडसर उभा राहील तिथे एक लाकडी खुंटी बसवली आणि दाराची फट पट्टीनं झाकून टाकली. मेजवानीच्या दिवशी डुकराच्या पाठीचा मानाचा तुकडा सुतारांचा असतो. तो त्यांनी उचलला आणि तालितापुढे ठेवला. तुइसाओ आजोबा म्हणाले, "दार तोडायला जोर लागतो. या पोरांनी जोर लावला नाही, डोकं लावलं." आजोबांनी कुणाचं एवढं कौतुक केलेलं गावात कुणाला आठवत नव्हतं. मोसेनं त्या तुकड्याचा अर्धा भाग एकट्यानं संपवला.

तुइसाओ आजोबा आणखी सात वर्षं दोरी वळत होते. फेतुआओ काकू म्हाताऱ्या होईपर्यंत समितीच्या अध्यक्ष राहिल्या आणि दार लावल्यावर नेहमी दोनदा मागे वळून पाहत. मोसे मोठ्या जहाजावर खानसामा झाला, आणि शेवटी ऑकलंडला त्यानं भट्टीत भाजलेल्या डुकराचं दुकान काढलं. वाइओला आपियाच्या इस्पितळात परिचारिका झाली. तिची नखं कापलेली असत, जीभ मात्र तशीच. तालिता गावच्या शाळेत शिकवू लागली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. समितीचं ते घर १९९०च्या वादळात गेलं, दारासकट.

आपेलुनं पुन्हा बसच्या चाकाला हात लावला नाही. त्यानं अळूची शेती केली. दर शनिवारी पहिली टोपली फालेउताला, सेमिसींच्या घरी. पालु लंगडत चालायला लागला, लंगडत पळायला लागला, आणि मोठेपणी दोन बेटांमधली बोट चालवू लागला. आपेलु म्हातारपणी आजारी पडला तेव्हा त्याला इस्पितळात न्यायचं होतं. धक्क्यावर लाटा उसळत होत्या आणि झोळी चढवता येईना. तेव्हा पालु बोटीवरून खाली उतरला, आपेलुला पाठीवर घेतलं आणि लंगडत, लंगडत, एकही पाऊल न चुकता फळीवरून वर घेऊन गेला.